भिंत रंगवण्याआधी एकदा हरसूलला जाऊन या

सिंहस्थ जवळ आला की नाशिकमध्ये रस्ते खणले जातात आणि भिंती रंगतात. २०२७ च्या पर्वणीआधीही तेच होणार. उड्डाणपुलाचे खांब, शाळांची कुंपणं, सोसायट्यांच्या संरक्षक भिंती, सगळ्यांवर रंगाचा हात फिरेल. त्यावर काढायचं काय, हा प्रश्न बैठकीत निघाला की कोणीतरी पटकन सुचवतं, "वारली टाका की!" एकच पांढरा रंग लागतो, काम लवकर उरकतं, खर्च बेताचा आणि वर संस्कृतीही दिसते. म्हणून मग त्रिकोणी अंगाची, हात वर करून नाचणारी माणसं मंगल कार्यालयाच्या कमानीवर, हॉटेलच्या मेनूकार्डावर, चहाच्या कपावर आणि पायपुसण्यावरसुद्धा जाऊन बसतात.

माझी विनंती अगदी साधी आहे. वारली चित्र हवं असेल तर ते वारली चित्रकाराकडून काढून घ्या. त्याखाली त्याचं किंवा तिचं नाव येऊ द्या. आणि त्या चित्रात देवाचं काय आणि रोजच्या जगण्यातलं काय, एवढं तरी आधी विचारून घ्या.

हे लोक आपल्यापासून काही लांब राहत नाहीत. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीच्या डोंगररांगेतून गोदावरी पूर्वेला, आपल्याकडे उतरते आणि वैतरणा पश्चिमेला, पालघरच्या बाजूला जाते. गोदावरीकाठी आपण दिवे सोडतो. वैतरणेच्या खोऱ्यातली वारली माणसं त्याच डोंगरांना, त्याच पावसाला भिंतीवर मांडतात. वारली म्हटलं की आपल्याला डहाणू-तलासरी आठवते, पण हा समाज आपल्या जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाण्याच्या पट्ट्यातही महादेव कोळी आणि कोकणा समाजाच्या शेजारी राहतो. गिरणारे ओलांडून वाघेऱ्याच्या घाटाने हरसूलला पोचायला सकाळचा वेळ पुरतो. शनिवार-रविवारी आपल्या गाड्या द्राक्षमळ्यांकडे वळतात, त्यातली एखादी इकडेही वळू द्या.

आता चित्राकडे येऊ. आपण ज्याला सरसकट 'वारली पेंटिंग' म्हणतो, त्याचं मूळ लग्नघरात आहे. कारवीच्या कुडाची भिंत शेणामातीने सारवायची, त्यावर गेरूचा हात द्यायचा आणि तांदूळ वाटून केलेल्या पांढऱ्या रंगाने, बांबूच्या काडीचं टोक चावून केलेल्या कुंचल्याने चौक लिहायचा. हा चौक सुवासिनी लिहितात. लग्न लावणारी बाई, म्हणजे धवलेरी, गाणी म्हणून देवांना लग्नाला बोलावते. चौकाच्या मधोमध पालघट देवी असते. ती झाडाझुडपांची, धान्याची, वंशवाढीची देवी. तिच्याभोवती चौकोनाच्या कडांना नक्षीच्या पट्ट्यांवर पट्ट्या चढत जातात. सूर्य असतो, चंद्र असतो, फणी असते, शिडी असते. घोड्यावर बसलेले नवरा-नवरी असतात. दुसऱ्या एका चौकात पंचशिऱ्या देव येतो. चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही. आपल्याकडे देवक बसवल्याशिवाय पुढचे विधी होत नाहीत, तसंच हे.

चौकोनाच्या बाहेर मात्र सगळं रान मोकळं सुटलेलं असतं. ताडाची उंचच उंच झाडं, त्यावर ताडी काढायला चढलेला माणूस, फांदीवर माकड, बुंध्याशी मुंग्यांची रांग, कोंबड्या, बैल, लावणी करणाऱ्या बाया, आणि तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांचा वळत गेलेला फेर. भोपळा आणि बांबूच्या नळ्या जोडून केलेला तारपा वाजवणारा जिकडे वळतो, तिकडे फेर वळतो.

चित्र नीट पाहायचं असेल तर आधी आकारांकडे बघा. झाड मोठं असतं आणि माणूस लहान. कोंबडी जितक्या काळजीने काढलेली असते तितक्याच काळजीने नवरदेव काढलेला असतो, जास्त नाही. कोणाच्या चेहऱ्यावर भाव नसतात, कारण कोणालाच पुढे यायचं नसतं. पालघट सोडली तर चित्राला नायक नाही. वाघ हा वाघदेव, धान्य ही कणसरी. देव वेगळा आणि रान वेगळं अशी वाटणी इथे झालेलीच नाही. हल्ली अध्यात्म शिकायला आपण शिबिरांचे पैसे भरतो. इथे ते कुडाच्या भिंतीवर गेरूत उतरलेलं आहे, आणि ते लिहिणाऱ्या बाईला त्याचं प्रवचन करावंसं कधी वाटलेलं नाही.

ही चित्रं भिंतीवरून कागदावर आली त्याला अजून फार काळ लोटलेला नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर फिरले. त्याआधी बिहारच्या दुष्काळात मिथिलेतल्या बायकांच्या हाती कागद देणाऱ्यांत ते होते. इकडे त्यांना भेटले जिव्या सोमा म्हसे. १९३४ साली जन्मलेल्या या माणसाची आई तो लहान असतानाच गेली. त्या धक्क्याने मुलाचं बोलणं थांबलं आणि तो मातीत रेघा ओढून आपलं म्हणणं सांगू लागला, असं त्यांच्याबद्दल नेहमी सांगितलं जातं. चौक लिहिणं हे बायकांचं काम, तेही लग्नापुरतं. जिव्या म्हसे मात्र पुरुष असून रोज काढत राहिले, आणि जे दिसेल ते काढत राहिले. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांचं प्रदर्शन भरलं. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रं लागली, २०११ साली पद्मश्री मिळाली. गंजाडजवळच्या आपल्या पाड्यावर ते शेवटपर्यंत राहिले. २०१८ साली ते गेले.

त्यांचं मासे धरायच्या जाळ्याचं चित्र छापील रूपात का होईना, शोधून जरूर पाहा. जाळ्याने जवळजवळ सगळा कागद व्यापलेला असतो. बारीक पांढऱ्या रेघांचे हजारो डोळे, एकाशेजारी एक, न कंटाळता काढलेले. जाळं टाकणारा माणूस मात्र कडेला, बोटाच्या पेराएवढा. इथे पट्टी लावून ओढलेली एकही रेघ नाही. प्रत्येक डोळा शेजारच्यापेक्षा किंचित वेगळा, म्हणून सगळं जाळं पाण्यात हलल्यासारखं वाटतं. बाजारात छापून येणारं 'वारली' आणि हाताने काढलेलं वारली यांतला फरक इथेच कळतो. छापील नक्षीत दहाही माणसं एकसारखी असतात, कारण ती एकाच माणसाची नक्कल असते. हाताने काढलेल्या फेरात एकाचा पाय जरा उंच उचललेला, दुसरीचा अंबाडा जरा कललेला असतो. काडीचा रंग संपत आला की रेघ फिकी होते, पुन्हा बुडवली की भरते. विकत घेताना हे बघा, फसणार नाही.

काही जण म्हणतील, कला सगळ्यांची असते, तिला जातीचं कुंपण कशाला? बरोबर आहे. तुमच्या मुलीने वहीत तारप्याचा फेर काढला तर त्यात वावगं काहीच नाही, उलट कौतुकच करा. प्रश्न पैशाचा आणि नावाचा आहे. वारली चित्रांना २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पैठणीला आणि नाशिकच्या द्राक्षांना आहे, त्याच जातीचं हे संरक्षण. येवल्याची पैठणी म्हणून यंत्रावरचा माल कोणी गळ्यात मारला तर आपण चिडतो. मग ज्याने कधी भाताची रोपं लावली नाहीत, पाडा पाहिला नाही, अशा कंत्राटदाराने नेटवरून नक्षी उतरवून 'वारली' म्हणून बिल लावलं तर तेवढंच चिडायला हवं. चित्र त्यांचं, पैसे तिसऱ्याचे, आणि ज्याचं आहे तो त्याच शहरात बांधकामावर बिगारी म्हणून राबतोय, असं होता कामा नये.

तेव्हा कोणी काय करायचं ते नेमकं सांगतो.

सोसायटी, शाळा किंवा मंडळाचं काम असेल तर कंत्राटदाराकडे नक्षी मागण्याआधी चित्रकार शोधा. आदिवासी विकास आयुक्तालय आपल्याच शहरात, गडकरी चौकात आहे. राज्यभरातली माणसं कामं घेऊन तिथे येतात. तिथे चौकशी करा. हरसूल, पेठ, जव्हार, मोखाड्याच्या आश्रमशाळांतल्या शिक्षकांना विचारा, त्यांना चांगला हात कोणाचा ते ठाऊक असतं. भाव चौरस फुटावर ठरवा, पण येण्याजाण्याचं भाडं, राहणं-जेवण आणि रंगाचा खर्च त्यात कोंबू नका, तो वेगळा द्या. थोडी रक्कम आगाऊ द्या. काम संपल्यावर "पुढच्या महिन्यात या" म्हणू नका. परत यायला त्यांचा एक दिवस आणि एक मजुरी जाते. आणि बायांना आवर्जून बोलवा. चौक मुळात त्यांचा, पण कागदावर आणि कंत्राटावर नावं बहुतेक पुरुषांची दिसतात.

काय काढायचं ते चित्रकारावर सोपवा. "नाचणारी माणसं काढा, मध्ये आमचा लोगो टाका," असं सांगू नका. हवं तर तुमच्या भिंतीसमोर काय आहे ते सांगा, म्हणजे नदी, वड, भाजीबाजार. त्यातून ते आपलं चित्र काढतील. पालघटीचा चौक मात्र शोभेसाठी मागू नका. तो लग्नाचा विधी आहे, त्याची जागा बेसिनमागच्या टाइलवर नाही. कशाला हात लावायचा आणि कशाला नाही हे कळत नसेल तर त्यांनाच विचारा. ते सांगतात, आणि रागवत नाहीत.

घरात लग्न असेल आणि पत्रिकेवर वारली हवं असेल, तर मूळ चित्र विकत घेऊन मग छापा. एका चित्राची किंमत पत्रिकांच्या एकूण खर्चात कुठल्या कुठे जिरून जाते. पत्रिकेच्या मागे चित्रकाराचं आणि गावाचं नाव छापा. आपण केटररचं नाव छापतो, फोटोग्राफरचं छापतो, मग चित्रकाराचं का नाही?

चित्रकलेच्या शिक्षकांना एक विनंती आहे. दोन त्रिकोण टोकाला टोक लावा, वर गोल डोकं, झाला माणूस, एवढ्यावर मुलांना सोडू नका. त्या सूत्राने वारली चित्र येत नाही, फक्त शिक्का येतो. आधी मुलांना शाळेच्या आवारातल्या एका झाडाखाली अर्धा तास बसवा. बुंध्यावर काय चढतं, फांदीवर काय बसतं, मुळांशी कोण राहतं ते मोजू द्या. मग ते झाड कागदभर काढायला सांगा आणि स्वतःला त्याखाली करंगळीच्या नखाएवढं काढायला सांगा. मुलांना ते लगेच जमतं. अवघड जातं ते आपल्यालाच.

गावांकडे जाणार असाल तर भाताची कापणी उरकल्यानंतरचे दिवस चांगले. तेव्हा तारप्याचे फेर धरले जातात. लग्नसराईत गेलात आणि कोणी घरात बोलावलं तर चौकासमोर चपला काढून उभे राहा, फोटो विचारून काढा. नको म्हटलं तर मोबाइल खिशात ठेवा. पर्यटक म्हणून पैसे फेकू नका, चित्र विकत घ्या. घासाघीसही जपून करा, कारण समोरचा माणूस शहरातल्या दुकानदारासारखा दुप्पट सांगून निम्म्यावर येणारा नसतो. तो पहिलाच आकडा बहुधा कमी सांगतो.

शेवटची गोष्ट जरा कडू आहे. सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडली जाणार म्हणून मध्यंतरी नाशिककर रस्त्यावर उतरले होते. झाड वाचावं असं वाटणारी माणसं या शहरात आहेत, हे त्यातून दिसलं. पण एकीकडे जुनं झाड तोडायचं आणि त्याच रस्त्याच्या भिंतीवर वारली झाड रंगवून सुशोभीकरणाचं बिल काढायचं, हा प्रकार आपण चालवून घेतला तर चित्राचाही अपमान आहे आणि झाडाचाही. ज्यांच्या चित्रात झाड माणसापेक्षा मोठं आहे, त्यांच्या चित्राने झाड तोडल्याची जागा झाकू नये. तुमच्या वॉर्डात असं काही ठरत असेल तर बैठकीला जा आणि हरकत लेखी द्या.

बाकी सगळं भिंतीच्या मापावर आणि खिशावर अवलंबून आहे. मोठी भिंत परवडत नसेल तर छोटी रंगवा. भिंतच नसेल तर हातभर कापडावरचं एक चित्र घ्या. पैशावरून बोलणी करा, पण नावावरून करू नका. भिंतीच्या कोपऱ्यात, वाचता येईल एवढ्या अक्षरांत, काढणारीचं नाव आणि तिच्या पाड्याचं नाव तिच्याच हाताने लिहवून घ्या.