निर्दोष सुटले, पण कुणाला कळलं?

मा. अध्यक्ष,
राष्ट्रीय मानवाधिकार आयोग, नवी दिल्ली



मार्च 2017 मध्ये ग्रेटर नोएडातला एक मुलगा रात्री घरी परतला नाही. वसाहतीतले लोक थेट शेजारच्या नायजेरियन विद्यार्थ्यांच्या घरात शिरले. यांनीच मुलाला मारून खाल्लं, असा त्यांचा आरोप होता. दुसऱ्या दिवशी मुलगा घरी आला आणि त्याच दिवशी रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. त्याच्या आईवडिलांच्या दुःखापुढे बोलायला शब्द नाहीत. पण मुलगा जिवंत परतला तेव्हा खाल्ल्याचा आरोप तरी निकालात निघायला हवा होता. तसं झालं नाही, आरोप फक्त बदलला. आता म्हणे त्यांनी त्याला अमली पदार्थ दिले. पोलिसांनी पाच जणांना ताब्यात घेतलं आणि पुरावा नाही म्हणून सोडलं.

सोडलं, याचाच राग आला. 27 मार्चला त्या मुलासाठी निघालेल्या मेणबत्ती मोर्चानंतर जमावाने दिसेल त्या आफ्रिकी माणसाला धरून मारलं. एका मॉलमधलं चित्रीकरण आपणही पाहिलं असेल. खाली पडलेल्या तरुणावर खुर्च्या आदळताहेत, कचऱ्याचे डबे आदळताहेत. त्याचा त्या मुलाशी काय संबंध होता? कातडीचा रंग तेवढा संशयितांसारखा.

हे एकदाच घडलेलं नाही. जानेवारी 2014 मध्ये दिल्लीच्या खिडकी एक्स्टेन्शनमध्ये दिल्ली सरकारच्या तेव्हाच्या कायदामंत्र्यांनीच मध्यरात्री जमावासह जाऊन युगांडाच्या महिलांवर आरोप केले. नोव्हेंबर 2018 मध्ये द्वारकेत पुन्हा मूल पळवल्याची, नरभक्षणाची अफवा उठली. गोव्यातही 2013 मध्ये एका मंत्र्याने नायजेरियनांना कर्करोगाची उपमा दिली होती.

ग्रेटर नोएडानंतर आफ्रिकी राजदूतांनी एकत्र निवेदन काढून या हल्ल्यांना वर्णद्वेषी म्हटलं. आपलं सरकार मात्र तो शब्द टाळत राहिलं. मला त्याहून जास्त खुपतं ते वेगळंच. मारहाणीचे गुन्हे नोंदले जातात, थोडीफार धरपकडही होते, पण मूळ आरोप खोटा होता हे त्या गल्लीत जाऊन कुणीच सांगत नाही. पोलिसांच्या कागदावर माणूस सुटतो. किराणा दुकानात, रिक्षाच्या रांगेत तो संशयितच राहतो. आमच्या पुण्यातही आफ्रिकी विद्यार्थी भाड्याने घर शोधतात, तेव्हा या जुन्या अफवा त्यांच्या आधी घरमालकापर्यंत पोचलेल्या असतात.

वर्ष उलटून गेलेल्या घटनेची चौकशी आयोगाला करता येत नाही, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे जुनी फाईल उघडा, असं म्हणत नाही. पण 1995 मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांना हुसकावलं जात होतं, तेव्हा आपलाच आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला होता. नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जिवाचं रक्षण करणं राज्यावर बंधनकारक आहे, हा निकाल आपण मिळवला आहे. त्याच्या बळावर सर्व राज्यांच्या पोलीस महासंचालकांना लेखी शिफारस करावी. परदेशी व्यक्तीवरचा आरोप तपासात खोटा ठरला, तर ठाणे अंमलदाराने आठवड्याच्या आत स्थानिक भाषेत तसं जाहीर करावं, ते पत्रक त्या वसाहतीच्या सूचनाफलकावर लावावं आणि अफवा कुणी उठवली याचा तपास वेगळा गुन्हा नोंदवून करावा. किती राज्यांनी हे मानलं, ते आयोगाच्या वार्षिक अहवालात राज्यांच्या नावांसह छापावं.

आपल्या उत्तराची मी वाट पाहते आहे.

आपली,
पुण्यातील एक नागरिक