नववीच्या गुणपत्रिकेला घाबरू नका

मैत्रिणींनो, 2022 सालच्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारी कुरडया वाळत घालून खाली येते तो शेजारच्या वहिनी दारात उभ्या. पदराआड लेकीची नववीची गुणपत्रिका. गणितात काठावर पास, इंग्रजीत तसंच, एकूण जेमतेम चाळीस टक्के. डोळे पुसत म्हणाल्या, "ताई, हे म्हणतात, दहावीपर्यंत झालं तेवढं पुरे. पुढं शिवणाच्या क्लासला घालू. कॉलेज हिच्या नशिबी नाही."

पुष्कळ घरांत हे वाक्य असंच, जेवताना, सहज बोललं जातं आणि एका मुलीचं शिक्षण तिथंच थांबतं. म्हणून आज तुमच्याशी या विषयावर बोलायचं आहे.

पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. नववीचे गुण दहावीच्या बोर्डाच्या निकालात धरत नाहीत. अकरावीचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो. पुढं बी.ए., बी.कॉम.ला जाताना बारावीचे गुण बघतात. म्हणजे प्रत्येक दारापाशी नवी पाटी मिळते. मागची पाटी कोरी नव्हती म्हणून पुढची फोडून टाकायची का?

पण नुसता धीर देऊन भागत नाही. मुलगी मागं का पडली, ते आधी शोधायला हवं. मी वहिनींना तिचे जुने पेपर आणायला सांगितले. बघते तो बीजगणिताच्या उदाहरणांत तिची रीत बरोबर, पण अपूर्णांक आला की गाडी अडलीच! म्हणजे दुखणं नववीचं नव्हतंच, पाचवी-सहावीचं होतं. मग तिला विचारलं, "संध्याकाळी अभ्यासाला कधी बसतेस गं?" ती खाली मान घालून म्हणाली, "काकू, आजी पडल्यापासून संध्याकाळच्या भाकऱ्या माझ्याकडं आहेत. मग पाणी भरायचं. जेवणं झाली की झोपच येते."

वहिनी गप्पच झाल्या. दोन वर्षं मुलगी घर सांभाळत होती आणि घर तिला ढ म्हणत होतं. मैत्रिणींनो, हा प्रश्न आपापल्या घरी एकदा विचारून पाहा. मुलाला अभ्यासाला बसवून मुलीला परातीपुढं बसवणाऱ्या आपणच असतो. त्या दिवसापासून भाकऱ्या वहिनींनी करायच्या आणि पाणी धाकट्या भावानं भरायचं, असं ठरलं.

मग आम्ही असा क्रम लावला. सुट्टीत दहावीचं पुस्तक उघडलंच नाही. रोज सकाळी एक तास पाचवी ते सातवीचं गणित, अपूर्णांकापासून. जुनी पुस्तकं रद्दीत गेली असली तरी बालभारतीच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळतात. इंग्रजीचा एक उतारा रोज मोठ्यानं वाचायचा आणि पाच ओळी लिहायच्या. शाळा सुरू झाल्यावर गुणांचा हिशेब तिच्यापुढं मांडला. बहुतेक विषयांत 80 गुण लेखी परीक्षेचे आणि 20 शाळेच्या हातचे. त्यात भाषांची तोंडी, विज्ञानाचं प्रात्यक्षिक, गणिताचा गृहपाठ येतो. हे वीस गुण हुशारीचे नाहीत, नियमितपणाचे आहेत. वही वेळेवर पुरी केली की ते पदरात पडतात. शिवाय सहा विषयांपैकी सर्वांत चांगल्या पाचांवर टक्केवारी काढतात. एक विषय नावडता असला तरी पाच हाती असतात.

2023 च्या मार्चमध्ये ती दहावीला बसली. सगळं गोड झालं असं सांगणार नाही. बाकीच्या विषयांत छान, पण गणितात अडकली. घरात पुन्हा तेच, "बघा, म्हटलं नव्हतं?" परंतु एक-दोन विषय राहिले तरी अकरावीला सवलतीनं प्रवेश मिळतो आणि राहिलेल्या विषयाची पुरवणी परीक्षा निकालानंतर लवकरच होते. वर्ष फुकट जात नाही. वहिनींनी हे यजमानांना नीट बसवून समजावलं. जुलैत गणित सुटलं. अकरावीला कला शाखा घेतली, कारण भूगोल तिच्या आवडीचा. शेजारचा मुलगा सायन्सला गेला म्हणून आपलीही गेली पाहिजे, असं काही नसतं.

2025 साली बारावीला तिला 71 टक्के मिळाले. बी.ए.ला नाव घातलं त्या दिवशी पेढे घेऊन तिचे वडीलच आले. म्हणाले काही नाहीत, पण पेढा हातावर ठेवताना थोडे थांबले.

ज्यांना कॉलेजच्या वर्गापेक्षा हातचं काम आवडतं, त्यांच्यासाठीही वाटा आहेत. दहावीला 35 टक्के असले तरी तंत्रनिकेतनाच्या तीन वर्षांच्या पदविकेला अर्ज करता येतो आणि पदविका चांगली झाली तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. आय.टी.आय. आहेच. आणि शाळा सुटलेलीच असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावीला बसता येतं. तारखा मात्र शाळेत वेळेवर विचारा. पुष्कळांची संधी अभ्यासाअभावी नव्हे, तारीख चुकल्यामुळं जाते.

तेव्हा यंदा गुणपत्रिका हाती आली की रागवण्याआधी दोन गोष्टी करा. जुने पेपर काढून बघा आणि तिच्या संध्याकाळी कुठं जातात, ते तिला विचारा.