अपवादांची यादी

'युनियन' हा शब्द काढला की आपल्या आयटीवाल्या मंडळींच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभं राहतं. सरकारी कचेरी, खिडकीवर 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी आणि वर्षातून एकदा संप. त्यामुळे अमेरिकेतल्या कुठल्याशा राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या युनियनचे पंख छाटले असं वाचलं, की आपण मनातल्या मनात टाळ्या वाजवतो. बरं झालं, जरा शिस्त लागेल!

मला आज नेमकं या टाळ्यांशी भांडायचंय.

गोष्ट विस्कॉन्सिनची. सरकारी नोकरांना एकत्र बसून मालकाशी, म्हणजे सरकारशी, वाटाघाटी करायचा हक्क १९५९ साली कायद्याने देणारं हे अमेरिकेतलं पहिलं राज्य. आणि ५२ वर्षांनी, २०११ साली, तो हक्क जवळजवळ काढून घेण्यासाठी गाजलेलं राज्यही तेच. नवे गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी फेब्रुवारीत विधेयक आणलं, ११ मार्चला सही केली. तोच हा 'अ‍ॅक्ट १०'.

त्यात काय होतं? वाटाघाटी फक्त मूळ पगारावर. रजा, कामाचे तास, वर्गात किती मुलं, सुरक्षितता... यातल्या कशावरही नाही. मूळ पगारातली वाढसुद्धा महागाईच्या दरापर्यंतच. त्याच्या पुढे जायचं तर मतदारांचं सार्वमत घ्या. वर्गणी पगारातून कापून घ्यायला बंदी. आणि दरवर्षी युनियनने नव्याने मतदान घेऊन ५१ टक्के मतं मिळवायची. मतदान करणाऱ्यांच्या नव्हे हां, एकूण कर्मचाऱ्यांच्या ५१ टक्के! जो त्या दिवशी तापाने आजारी आहे त्याचं मत 'नाही' असं धरायचं. हा नियम आमदारांना लावून बघा, विधानभवनात किती खुर्च्या भरतात ते.

आता तुम्ही म्हणाल, राज्याची तिजोरी रिकामी होती, दुसरा काय इलाज? हा मुद्दा गंभीर आहे, म्हणून नीट बघू. कर्मचाऱ्यांनी पेन्शन आणि आरोग्यविम्यासाठी पगारातून जास्त पैसे भरावेत अशी अट या कायद्यात होती, आणि त्यातून सरकारचे पैसे खरोखर वाचले. ते नाकारायचं कारण नाही. पण मोठ्या युनियन्सच्या नेत्यांनी फेब्रुवारीतच जाहीर सांगितलं होतं की पैशांच्या अटी आम्हाला मान्य आहेत, फक्त बोलायचा हक्क ठेवा. म्हणजे पैसे मिळत होते. तरीही वॉकर मागे हटले नाहीत.

आणि पुढची गंमत तर बघाच. खर्चाशी संबंधित विधेयकाला राज्याच्या सिनेटमध्ये ३३ पैकी २० सदस्य हजर असावे लागतात. डेमोक्रॅट पक्षाचे १४ सिनेटर शेजारच्या इलिनॉयमध्ये जाऊन बसले, त्यामुळे गणसंख्याच भरेना. मग ९ मार्चच्या संध्याकाळी रिपब्लिकनांनी काय केलं? खर्चाची कलमं काढून टाकली, उरलेलं विधेयक 'खर्चाशी संबंधित नाही' म्हणून पुढे आणलं आणि १८ विरुद्ध १ मतांनी मंजूर केलं. महिनाभर ज्याला 'अंदाजपत्रक दुरुस्ती' म्हणत होते, त्यातून अंदाजपत्रक काढलं तरी त्यांना हवं होतं ते शिल्लक राहिलंच! यापेक्षा मोठी कबुली कोणती हवी?

यानंतर कोर्टाची पायरी. पहिला खटला सभेच्या पूर्वसूचनेचा. डेन काउंटीच्या न्यायाधीशांनी कायदा अडवला, राज्याच्या सुप्रीम कोर्टाने जून २०११ मध्ये ४ विरुद्ध ३ मतांनी सोडवला. मग फेडरल कोर्ट. मार्च २०१२ मध्ये न्यायाधीश विल्यम कॉनली यांनी दरवर्षीचं मतदान आणि वर्गणीवरची बंदी रद्द केली. जानेवारी २०१३ मध्ये अपील कोर्टाने तो निकाल फिरवला. सप्टेंबर २०१२ मध्ये काउंटी कोर्टाने मॅडिसनचे शिक्षक आणि मिलवॉकी शहराचे कर्मचारी यांच्या बाजूने निकाल दिला. जुलै २०१४ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तोही ५ विरुद्ध २ मतांनी फिरवला. थोडक्यात, खाली जिंकायचं आणि वर हरायचं.

२०१४ च्या त्या निकालातला मुद्दा मात्र लक्षात ठेवा. कोर्ट म्हणालं की सामूहिक वाटाघाटी ही विधिमंडळाची कृपा आहे, राज्यघटनेचं बंधन नव्हे. सभेने दिली, सभा परत घेईल. मला या सगळ्या प्रकरणातला खरा रोग इथे दिसतो. पण त्याआधी यादीबद्दल.

अ‍ॅक्ट १० ने कर्मचाऱ्यांचे दोन गट पाडले. एक 'सार्वजनिक सुरक्षा' गट: पोलीस, अग्निशामक दल वगैरे. त्यांचे जुने हक्क तसेच. बाकीचे सगळे 'सामान्य', त्यांचे हक्क गेले. आता सुरक्षेची माणसं वेगळी काढायची असतील तर निदान व्याख्या तरी पाळावी ना? रस्त्यावर गाड्या तपासणारे राज्याचे वाहन-तपासनीस सुरक्षा गटात. आणि विधानभवनाचे पोलीस, विद्यापीठाचे पोलीस, जंगलात बेकायदा शिकार पकडणारे वॉर्डन? ते सामान्य! पोलिसाचा गणवेश, पोलिसाचे अधिकार, पण कायद्याच्या लेखी कारकून.

आपल्या भाषेत सांगायचं तर स्पेकमध्ये लिहिलंय 'सुरक्षेचं काम करणारे', आणि कोडमध्ये मात्र नावांची यादी हार्डकोड केलीय. दोन्ही जुळत नाहीत. कोड रिव्ह्यूमध्ये विचारलं, 'हे नाव का आणि ते का नाही?' तर उत्तर नाही. असा कोड तुम्ही पास कराल?

२ डिसेंबर २०२४ ला न्यायाधीश जेकब फ्रॉस्ट यांनीही पास केला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये शिक्षक आणि इतर कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी नव्याने दावा लावला होता. त्यावर फ्रॉस्ट यांनी हे वर्गीकरण समान वागणुकीच्या तत्त्वात बसत नाही म्हणून कायद्यातला बहुतेक भाग घटनाबाह्य ठरवला. विरोधकांनी लगेच अपील केलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने प्रकरण थेट आपल्याकडे घ्यायला नकार दिला. आधी अपील कोर्टातून या म्हणाले.

यादी अशी विचित्र का? राजकारण, दुसरं काय. २०१० च्या निवडणुकीत वॉकर यांना पाठिंबा देणाऱ्या कर्मचारी संघटना सगळ्या सुरक्षा गटातल्याच होत्या. (न्याय म्हणून हेही सांगतो: विरोधी उमेदवाराला पाठिंबा दिलेल्या काही पोलीस संघटनाही अपवादात बसल्या.) आणि अपवाद न करण्याची किंमत काय, हे त्याच वर्षी ओहायोत दिसलं. तिथल्या कायद्याने पोलीस आणि अग्निशामकांनाही सोडलं नाही. नोव्हेंबर २०११ च्या सार्वमतात मतदारांनी ६१ टक्क्यांहून जास्त मतांनी तो कायदा फेकून दिला. लोकांना शिक्षकाचा राग येतो, आग विझवणाऱ्याचा येत नाही. म्हणून आधी त्याला बाजूला काढायचं आणि मग उरलेल्यांना गाठायचं. फोडा आणि झोडा, आपल्याला हे काही नवं नाही!

तर मग फ्रॉस्ट यांचा निकाल आला, आनंदी आनंद? नाही. नेमकं इथेच मला युनियनवाल्या मित्रांशीही भांडायचंय. यादी चुकीची आहे एवढ्याच मुद्द्यावर जिंकलात, तर सरकार उद्या यादी दुरुस्त करेल. विधानभवनाचे पोलीस आत घेतील, वाहन-तपासनीस बाहेर काढतील, झाली समानता. किंवा सगळ्यांचेच हक्क काढतील, तीही समानताच. जो हक्क कृपा म्हणून मिळालाय, त्याच्या यादीवर भांडून तो हक्क होत नाही.

दुसरा रस्ता आहे, आणि तो कॅनडाने घेतला. ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००२ साली कायदा करून रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांचे झालेले करार मोडीत काढले. जून २००७ मध्ये कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की संघटना करायच्या स्वातंत्र्यात एकत्र वाटाघाटी करण्याची प्रक्रियाही येते. त्यासाठी २० वर्षांपूर्वीची स्वतःचीच भूमिका कोर्टाने बदलली. लक्षात घ्या, कोर्टाने पगारवाढीची हमी दिली नाही. समोर बसून प्रामाणिकपणे बोलण्याची हमी दिली. माझी मागणी एवढीच आहे.

यावर जुना आणि वजनदार आक्षेप असा की सरकार म्हणजे कारखानदार नव्हे. तिजोरी लोकांची, आणि जे नेते वाटाघाटीला बसतात त्यांनाच युनियन मतं आणि पैसे देते. खुद्द कामगारांचे कैवारी रूझवेल्ट यांनी १९३७ साली एका पत्रात लिहिलं होतं की सामूहिक वाटाघाटी नेहमीच्या अर्थाने सरकारी नोकरीत आणता येणार नाहीत. मान्य, धोका आहे. पण धोक्यावर उपाय म्हणजे करार जाहीर करा, लवाद नेमा, निवडणूक निधीवर मर्यादा घाला. टेबलच उचलून नेणं हा उपाय नव्हे. शिवाय विस्कॉन्सिनमध्ये सरकारी नोकरांना संप करायला आधीपासूनच बंदी होती. टेबल हे त्या बंदीच्या बदल्यात मिळालेलं होतं. बंदी ठेवली, टेबल नेलं!

आणि आपल्याकडे? आपल्याकडे यादीवर भांडायचीही गरज पडत नाही. घटनेच्या १९ व्या कलमात संघटना करायचा हक्क आहे, पण त्यात परिणामकारक वाटाघाटीची हमी येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बँक कर्मचाऱ्यांच्या खटल्यात सांगून टाकलं. जुलै २००३ मध्ये तमिळनाडूत जयललिता सरकारने संपावर गेलेल्या दीड लाखांहून जास्त कर्मचाऱ्यांना एका फटक्यात घरी बसवलं. ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, संपाचा मूलभूत हक्क नाही, कायदेशीर नाही आणि नैतिकही नाही. बहुतेकांना माफीनामा लिहून परत घेतलं गेलं. महाराष्ट्रात मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी संप झाला, त्याच सुमारास अत्यावश्यक सेवांचा कायदा विधिमंडळात मंजूर झाला. आणि संप मिटला कशाने? मुख्यमंत्र्यांबरोबर बोलणी होऊनच. मग तीच बोलणी आधी, नियमाने, टेबलावर का नकोत?

'पण आपण कुठे सरकारी नोकर आहोत?' हा प्रश्न येणारच. नाही आहोत. पण कर्नाटक सरकारने वर्षानुवर्षं आयटी कंपन्यांना स्थायी आदेशांच्या कायद्यातून सूट दिली, तेव्हा त्या अपवादात कोण होतं? तुम्ही-आम्हीच की. अपवादांची यादी दुसऱ्यासाठी असते तोवर ती शिस्त वाटते.

तेव्हा पुढच्या वेळी कुठल्या तरी शिक्षकांच्या, नर्सच्या किंवा एसटीवाल्यांच्या युनियनचे हात बांधल्याची बातमी वाचाल, तेव्हा टाळी वाजवण्याआधी एवढंच विचारा: यांना पगार किती द्यायचा हे ठरतंय, की यांनी तोंड उघडायचं की नाही हे ठरतंय? पहिल्यावर खुशाल वाद घालू. दुसरं मात्र कुठल्याच सरकारच्या कृपेवर सोडायची गोष्ट नव्हे.