टाक्यांनी लिहिलेला श्रमांचा इतिहास

इतिहास कोणी लिहावा हा प्रश्न जितका विद्येचा तितकाच सत्तेचा आहे. राजांच्या बखरी दरबारात लिहिल्या गेल्या, कारखानदारांची चरित्रे त्यांच्या पेढ्यांनी छापवून घेतली. ज्यांच्या घामावर राज्ये व कारखाने उभे राहिले, त्यांची नोंद मात्र हजेरीपटापलीकडे क्वचितच गेली. म्हणूनच स्कॉटलंडमधील सामान्य माणसांनी सुईदोऱ्याने लिहिलेल्या इतिहासाकडे श्रमिकांच्या चळवळीने आस्थेने पाहिले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

‘ग्रेट टॅपेस्ट्री ऑफ स्कॉटलंड’ हे काम २०१३ साली एडिंबरा येथील संसदभवनात प्रथम लोकांपुढे आले. नाव टॅपेस्ट्री असले तरी ते मागावर विणलेले नाही. लिननच्या कापडावर लोकरीच्या धाग्याने केलेले ते भरतकाम आहे. सुमारे १४३ मीटर लांबी, १६० चौकटी आणि गावोगावची सुमारे एक हजार माणसे, त्यांत बहुसंख्य स्त्रिया, असा त्याचा पसारा आहे. कल्पना कादंबरीकार अलेक्झांडर मॅकॉल स्मिथ यांची, इतिहासाची मांडणी अ‍ॅलिस्टर मॉफट यांची आणि रेखाटने अँड्र्यू क्रमी यांची. परंतु चित्रकाराने रेषा आखून दिल्या तरी त्यांत आपले काही घालण्यास भरणाऱ्यांना मोकळीक होती. २०२१ पासून हे काम गॅलाशील्स या गावी कायमचे मांडले आहे. लोकरीच्या गिरण्यांवर वाढलेले आणि त्या बंद पडल्यावर ओस पडू लागलेले हे गाव. श्रमाची स्मृती श्रमाच्या गावी यावी, हे उचितच झाले.

चित्रकार क्रमी यांच्या मातोश्री हेलन क्रमी यांचा उल्लेख येथे अवश्य केला पाहिजे. एडिंबराच्या कडेला क्रेगमिलर नावाची कामगारवस्ती आहे. तेथील शाळेत आपल्या मुलाला व्हायोलिन शिकवावे, अशी विनंती या बाईंनी केली. या मुलांना लिहिणे-वाचणे शिकविण्यातच सारा वेळ जातो, तेथे संगीत कोठून शिकविणार, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले. कामगाराच्या पोराला अक्षरओळख पुरे, कला हा वरच्यांचा मामला, हीच त्यामागची वृत्ती होती. हेलनबाई आणि वस्तीतील इतर आया गप्प बसल्या नाहीत. १९६२ साली त्यांनी क्रेगमिलर फेस्टिव्हल सोसायटी उभी केली आणि नाटक, गाणे व चित्रे यांच्या आधारे वस्तीचे प्रश्न वेशीवर टांगले. कलेचा हक्क मागणाऱ्या त्या आईच्या घरातूनच पुढे हजार हातांना इतिहास लिहावयास लावणारा चित्रकार निघाला.

परंतु गौरव एकांगी असेल तर तो खोटा ठरतो. स्कॉटलंडच्या श्रमकथेतील एक धागा थेट आपल्या देशात येतो. डंडी शहराच्या ताग गिरण्यांत प्रामुख्याने स्त्रिया राबत होत्या. कच्चा ताग मात्र बंगालच्या शेतकऱ्याने पिकविलेला असे. १८५५ साली कलकत्त्याजवळ रिश्रा येथे डंडीच्या यंत्रांवर पहिली ताग गिरणी सुरू झाली. पुढे कलकत्त्याच्या स्वस्त मजुरीने डंडीच्या कामगारांचाच रोजगार पोखरला. आपला शत्रू हुगळीकाठचा मजूर आहे, अशी समजूत तेव्हा सहज पसरली असती. पण डंडीच्या ताग कामगार संघटनेचे चिटणीस जॉन साइम आणि खासदार टॉम जॉन्स्टन हे दोघे हिंदुस्थानात आले, येथील कामगारांची स्थिती त्यांनी डोळ्यांनी पाहिली आणि १९२६ साली येथील पिळवणुकीवर पुस्तिकाच प्रसिद्ध केली. दोन्हीकडच्या कामगारांना पिळणारे भांडवल एकच आहे, हे त्यातून उघड झाले. श्रमिकांचा इतिहास गावापुरता भरला तरी त्याचा दोरा गावाच्या वेशीबाहेर जातो, हे विसरून चालणार नाही.

आता आपल्याकडे वळू. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणगावात सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्या वेळी जो विशीत होता त्याने आज साठी ओलांडली आहे. साचेखात्यातील गोंगाट, वायंडिंगमधील बायांची गाणी, बदली कामगाराची दारावरची ताटकळ, संपकाळात मोडलेली मंगळसूत्रे, हे सारे ज्यांनी भोगले त्यांची पिढी झपाट्याने मावळत आहे. गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे उभे आहेत. शेकडो कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले. पण त्या बायांच्या हातांची चित्रे कोठे आहेत?

आपल्या घराघरांत गोधडी आहे. आजीचे लुगडे, आईचे पातळ, बापाचा विरलेला सदरा धावदोऱ्याने एकत्र शिवण्याची कला कोकण-देशावरच्या बायांना शिकवावी लागत नाही. कार्यकर्त्यांनी चाळीचाळीतून बैठका घ्याव्यात, म्हाताऱ्यांना बोलते करावे, नातवंडांच्या हाती सुई द्यावी आणि ठिगळाठिगळांतून गिरणगावाची गोधडी उभी करावी. प्रत्येक ठिगळावर शिवणाऱ्या बाईचे नाव असावे. मात्र हे काम बायांवर बिनमोल कष्टांचे नवे ओझे ठरू नये. ते कार्यकर्त्यांनीही बरोबरीने उचलावे.

आणखी एक सावधगिरी. ज्यांनी कामगाराला देशोधडीस लावले तेच उद्या त्याच्या स्मृतीला काचेच्या पेटीत ठेवून फीत कापतील. हजारो गिरणी कामगार आजही हक्काच्या घराची वाट पाहत आहेत. स्मृती ही मागणीची जागा घेऊ शकत नाही. मागणीला बळ देणे हेच तिचे काम. गोधडी पांघरण्यासाठी असते, तशीच मोर्च्याच्या अग्रभागी धरण्यासाठीही असू शकते. ती शिवावयास बसण्याची वेळ आज आहे, कारण ज्या हातांना ही कथा ठाऊक आहे ते आज आपल्यात आहेत.