सोन्यानें दिपलेला इतिहास

दक्षिणेच्या मध्ययुगीन वैभवावर लिहावयास बसलेला आमचा लेखक प्रथम विजयनगरचा वराह हातीं घेतो. सोनें चकाकतें आणि तेथेंच त्याची दृष्टि दिपते. बाजारांत उभ्या असलेल्या माणसाच्या कनवटीला काय होतें, हें विचारावयास तो थांबतच नाहीं.

आतां हिशेबच मांडूं. १४४३ सालीं विजयनगरास आलेला, हिरातच्या शाहरुखाचा वकील अब्दुर रझाक सांगतो, कीं वराहाचा अर्धा तो प्रताप, प्रतापाचा दहावा हिस्सा फणम, फणमाचा सहावा हिस्सा रुप्याचा तार आणि ताराचा तिसरा हिस्सा तांब्याचा जितल. म्हणजे एका वराहाचे ३६० जितल! विड्याचीं चार पानें घेणाऱ्यानें वराह पुढें केला असता, तर पानवाल्यानें मोड कोठून आणावयाची?

यावर उत्तर ठरलेलें आहे: शिलालेखांत सोन्याचाच उल्लेख फार. असणारच! शिलालेख खोदले जात ते देवाच्या नंदादीपासाठीं आणि जमिनीच्या दानासाठीं. मीठ-तेल घेतल्याचें दगडावर कोण कोरवील? कावेरीकांठीं पुष्कळसे व्यवहार भातानेंच होत, हें मला मान्य आहे. पण मग राजराज चोळानें (९८५–१०१४) आपली उभी आकृति असलेलीं तांब्याचीं नाणीं एवढ्या विपुलतेनें पाडिलीं तीं कोणासाठीं? १०७० च्या सुमारास सिंहलांतून चोळांची सत्ता गेली. तरी तेथील राजांनीं, पुढें लीलावती राणीनेंहि, तोच साचा चालूं ठेविला. हें काय चोळांच्या प्रेमानें? बाजाराच्या हाताला पडलेली सवय राजालाहि मोडवली नाहीं, असेंच मी समजतों.

हा दोष दक्षिणेच्या इतिहासापुरताच नाहीं. शिवछत्रपतींचा होन दिसला कीं आम्हीं हात जोडतों. ज्या शिवराईवर महाराष्ट्रानें एकोणिसाव्या शतकापर्यंत बाजारहाट केला, ती मात्र किलोच्या भावानें विकतों. तांब्याच्या जुन्या नाण्यावर बहुधा सालहि नसतें. तें कोठें आणि कोणत्या नाण्यांसंगें सांपडलें, हीच त्याची साक्ष. आणि तीच आपण मुशींत घालतों. एका भंगारवाल्याच्या दुकानीं फुटक्या घंगाळाबरोबर एकाच पारड्यांत पडलेलीं अशीं नाणीं मीं स्वतः पाहिलीं. हीं कोणत्या गांवचीं, असें विचारतांच दुकानदार म्हणाला, “साहेब, गांव कोण लिहून ठेवतो? वजन सांगतों.”