कान्सला जाणार असाल, तर एक दिवस बेटाला द्या

युरोपच्या सहलीत कान्सच्या वाट्याला जेमतेम दोन तास येतात. समुद्राकाठच्या रस्त्यावर बस थांबते, चित्रपट महोत्सवाच्या इमारतीच्या पायऱ्यांवर फोटो होतात, नटनट्यांच्या हातांचे ठसे बघून होतात आणि मोनाकोला निघायची हाक येते. याबद्दल मला तक्रार नाही. १९४६ सालच्या पहिल्याच महोत्सवात चेतन आनंद यांचा ‘नीचा नगर’ पारितोषिक घेऊन आला. २०२४ साली पायल कपाडिया यांच्या चित्रपटातली, कोकणातल्या आपल्या गावी परतणारी छाया कदम यांची पार्वती त्याच महोत्सवात दिसली. त्या पायऱ्या बघाव्याशा वाटणं साहजिकच आहे. पण स्वतःच्या स्वतः फिरत असाल, किंवा नीसमध्ये मुक्काम असताना एक दिवस मोकळा मिळत असेल, तर माझं ऐका. नीसहून आगगाडीने साधारण अर्ध्या तासात कान्सला या, पायऱ्यांना पंधरा मिनिटं द्या आणि सरळ बोटीचा धक्का गाठा.

कान्ससमोर लेरांस नावाची बेटं आहेत. त्यातली मोठी दोन, सेंत-मार्गरित आणि सेंत-ओनोरा. बोटी जुन्या बंदराच्या पश्चिम बाजूच्या धक्क्यावरून सुटतात; महोत्सवाची इमारत बंदराच्या दुसऱ्या अंगाला आहे, तेव्हा वळसा घालून चालायची तयारी ठेवा. पंधरा-वीस मिनिटांत बेट येतं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुष्कळ जण इथेच फसतात. दोन बेटांच्या मधे चिंचोळी खाडी आहे, एकावरून दुसऱ्यावरचं झाड न् झाड दिसतं. तरी एकावरून दुसऱ्यावर जायला नेहमीची बोट नाही. दोघांच्या बोटी वेगळ्या, तिकिटं वेगळी. कान्सला परत येऊनच दुसरीकडे जावं लागतं. म्हणून एका दिवसात दोन्ही ‘करायचा’ हट्ट धरू नका. एकच निवडा.

मुलं बरोबर असतील तर सेंत-मार्गरित. साधारण तीन किलोमीटर लांब, पाइन आणि निलगिरीची दाट सावली, पोहायला लहान लहान खाचा आणि वर किल्ला. त्या किल्ल्यात १६८७ पासून १६९८ पर्यंत एक कैदी होता, ज्याचं नाव आजवर खात्रीने कुणाला सांगता आलेलं नाही. ‘लोखंडी मुखवट्याचा माणूस’ तो हाच. पुढे त्याला पॅरिसच्या बास्तीय तुरुंगात नेलं; तिथल्या अधिकाऱ्याच्या नोंदीत मुखवटा काळ्या मखमलीचा आहे. लोखंडाचा तो पुढे व्हॉल्तेअरने केला आणि ड्यूमाच्या कादंबरीने जगभर नेला. त्याची कोठडी बघायला मिळते. पुढे १८४३ नंतर अल्जीरियात फ्रेंचांशी लढणाऱ्या अब्द अल-कादिरच्या गोतावळ्यातली माणसं, बायकापोरांसकट, याच बेटावर कैदेत होती. त्यांच्यातल्या इथे मेलेल्यांचं कबरस्तानही बेटावर आहे. मुखवट्याच्या गर्दीत तिकडे फारसं कुणी वळत नाही. तुम्ही वळा.

मला विचाराल तर मात्र सेंत-ओनोरा. जेमतेम दीड किलोमीटर लांब, मोटार नाही, सायकलसुद्धा नाही. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ओनोरा नावाचा साधू इथे येऊन राहिला आणि त्याच्याभोवती मठ उभा राहिला. मध्ययुगात कान्स हे गाव या मठाच्याच मालकीचं होतं. १८३४ साली लॉर्ड ब्रूम नावाचा ब्रिटिश गृहस्थ कॉलऱ्याच्या नाकेबंदीमुळे तिथे अडकला, त्याला जागा आवडली, त्याच्यामागून श्रीमंत मंडळी आली आणि कोळ्यांच्या गावाचं आजचं कान्स झालं. फ्रेंच राज्यक्रांतीत हे बेट विकायला निघालं तेव्हा ते विकत घेतलं पॅरिसच्या रंगभूमीवरच्या एका नटीने! महोत्सवाच्या दीडशे वर्षं आधी. १८६९ पासून सिस्टर्शियन पंथाचे साधू इथे राहतात, द्राक्षं लावतात, वाइन करतात. बोटही मठाचीच आहे.

बघायचं म्हणाल तर दक्षिण टोकाला थेट समुद्रात घुसलेला दगडी बुरूज-मठ आहे. समुद्रावरून येणाऱ्या लुटारूंच्या भीतीने अकराव्या शतकात त्याचं बांधकाम सुरू झालं. किनाऱ्याने विखुरलेली छोटी प्रार्थनामंदिरं आहेत. बाकी द्राक्षमळ्यांच्या मधून जाणारी वाट, आणि ती घाईने संपवण्याचं काही कारण नाही.

आता थोडं स्पष्ट बोलतो. हा चालता मठ आहे. चर्चमध्ये जाताना खांदे आणि गुडघे झाका. प्रार्थनेला बसायला कुणाला मज्जाव नसतो, पण बसलात तर ती संपेपर्यंत बसा. मधेच उठून रील काढू नका. साधू दिसले की मोबाइल रोखू नका. गाण्यांच्या भेंड्या बसमध्ये खेळा, बोटीवर आणि बेटावर नको. एवढं जड वाटत असेल तर सेंत-मार्गरितला जा, तिथे हसायला-ओरडायला भरपूर जागा आहे.

बेटावरचं जेवण महाग पडतं, तेव्हा शिदोरी न्या. बंदराजवळच फोरव्हिलची मंडई आहे; सकाळी तिथून पाव, चीज, ऑलिव्ह, फळं घ्या. सोमवारी मात्र तिथे भाजीपाल्याऐवजी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. शाकाहारी माणसाने या भागातला सोक्का शोधावा: हरभऱ्याचं पीठ, पाणी आणि ऑलिव्हचं तेल, आपल्या बेसनाच्या पोळ्याचा फ्रेंच चुलतभाऊ. पाणी जास्त घ्या, रिकाम्या बाटल्या आणि पिशव्या परत आणा. पाइनचं रान उन्हाळ्यात चटकन पेटतं, म्हणून सिगारेट खिशातच राहू द्या. जुलै-ऑगस्ट टाळता आला तर उत्तम. सप्टेंबरातही समुद्र पोहण्याइतका उबदार असतो.

आणि शेवटच्या बोटीची वेळ परतीवर सोडू नका, उतरताक्षणी धक्क्यावरच बघून ठेवा. ऋतूप्रमाणे ती बदलते. सेंत-ओनोरावर हॉटेल नाही, आणि मठातल्या खोल्या आधी कळवून एकांतासाठी येणाऱ्यांच्या असतात.