आधी चित्र पाहा, मग मत द्या

मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १९१५ सालचा, पंढरपूरचा. म्हणजे आपल्याच सोलापूर जिल्ह्यातला. जेऊर स्टेशनवरून गाडीत बसायचे, कुर्डुवाडीला गाडी बदलायची, की आपण त्यांच्या जन्मगावात. पण आपल्या भागात हुसेन यांचे नाव निघते ते फक्त वादापुरते. त्यांच्यावर खटले झाले, २००६ साली त्यांनी देश सोडला, ८ मे २००८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावरील खटले रद्द केले, तरी ते परतू शकले नाहीत. २०१० मध्ये कतारचे नागरिकत्व घेतले आणि २०११ मध्ये लंडनला वारले. यावर तावातावाने बोलणारे दोन्ही बाजूंना भरपूर आहेत. त्यांची चार चित्रे शांतपणे पाहिलेले किती?

पूर्वी याला सबब होती. आधुनिक कला पाहायची तर मुंबईला जायला हवे. रेल्वेचे भाडे, दोन दिवसांचा रोजगार बुडणार, आणि तिथल्या काचेच्या दारातून आत शिरायचा संकोच वेगळाच. आज ती सबब उरलेली नाही. ज्या मोबाइलवर आपली मुले रील्स पाहतात, त्याच मोबाइलवर जगातली मोठी संग्रहालये फुकट उघडतात. न्यूयॉर्कच्या ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’चा मोठा संग्रह त्यांच्या संकेतस्थळावर आहे. ‘गुगल आर्ट अँड कल्चर’ २०११ साली सतरा संग्रहालयांना घेऊन सुरू झाले, पुढे त्यात भारतातलीही आली. भारत सरकारचे ‘म्युझियम्स ऑफ इंडिया’ हे पोर्टल आहे. हुसेन यांचे १९५५ चे ‘जमीन’ हे चित्र दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे आहे. शेती आणि गावजीवनाची ती चौकटी-चौकटींची लांब पट्टी शेतकऱ्याच्या मुलाला परकी वाटणार नाही.

आपल्या समाजात यावर पहिला आक्षेप येतो तो धर्माचा. चित्र काढणे जायज की नाजायज, ही चर्चा जुनी आहे. पण लग्नाचे व्हिडिओ, निवडणुकीचे बॅनर, स्टेटसवरचे फोटो आपण बिनदिक्कत चालवतो आणि मुलीने चित्रकलेचा क्लास लावायचे म्हटले की नेमका तेव्हाच फतवा आठवतो. शिवाय आधुनिक कला म्हणजे केवळ माणसांची चित्रे नव्हेत. नसरीन मोहमदी (१९३७–१९९०) बडोद्याला शिकवत. त्यांच्या रेखाटनांत माणूस नाही, प्राणी नाही, नुसत्या रेषा आहेत. अलीगढला जन्मलेल्या झरीना हाश्मी गणित शिकल्या होत्या. १९९९ च्या त्यांच्या छत्तीस ठशांच्या मालिकेत घराच्या आठवणी आहेत आणि प्रत्येक ठशावर एक उर्दू शब्द. हे ठसे न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहेत. जो शब्द आपल्या घरात आजी रोज बोलते, तो तिथे भिंतीवर लागतो, हे आपल्या मुलींना कोणी सांगितले आहे?

दुसरा आक्षेप पोटाचा. याने काय मिळणार? याचे उत्तर ‘आर्कनेट’ नावाच्या संकेतस्थळावर सापडेल. आगा खान ट्रस्ट आणि अमेरिकेतील एमआयटी यांनी ते उभे केले. मुस्लिम समाज राहतात त्या प्रदेशांतील वास्तुकलेचे नकाशे, फोटो, अहवाल तिथे विनामूल्य पाहता येतात. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी यांची इंदूरची अरण्य वसाहत तिथे पाहावी. साडेसहा हजारांच्या आसपास प्लॉट, सर्वांत लहान सुमारे ३५ चौरस मीटरचा. गरीब कुटुंबाला जोते, पाणी, संडासाची सोय करून द्यायची आणि बाकीचे घर त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचे, अशी ती कल्पना. तिला १९९५ चा आगा खान पुरस्कार मिळाला. घरकुलाचे हप्ते येतील तसे बांधणाऱ्या आपल्या माणसांना आणि त्यांच्या गवंड्यांना यातून शिकण्यासारखे काही नाही का?

तिथेच ढाक्याची बैत उर रौफ मशीद पाहावी. मरीना तबस्सुम या स्त्री वास्तुविशारदाने, आजीने दिलेल्या जागेवर ती बांधली. घुमट नाही, मिनार नाही. साध्या विटा, खेळती हवा आणि छतातून झिरपणारा उजेड. २०१६ साली तिलाही हाच पुरस्कार मिळाला. मशिदीचे काम काढताना शेजारच्या गावापेक्षा उंच मिनार आणि चकचकीत फरशी यांपलीकडे विचार न करणाऱ्या कमिट्यांनी हे एकदा बघावे. आणि मशिदीचा आराखडा बाई करू शकते, हेही.

मात्र दार उघडे असले तरी उंबरठा उंच आहे. या बहुतेक संकेतस्थळांवरची माहिती इंग्रजीत असते. मराठी शाळेतला मुलगा चित्र पाहतो, पण ते कोणी, कधी, का काढले हे त्याला उमगत नाही आणि दोन मिनिटांत तो पुन्हा रील्सवर जातो. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षा आपली मुले देतात, पण सवलतीच्या गुणांसाठी. गुण पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर.

इथे चळवळीचे काम आहे. सत्कार आणि परिसंवाद आपण पुष्कळ केले. आता जेऊरसारख्या गावात आठवड्यातून एक तास, शाळेत किंवा वाचनालयात, एकच चित्र किंवा एकच इमारत मोठ्या पडद्यावर दाखवावी. मुलांना आधी काय दिसते ते बोलू द्यावे, मग माहिती सांगावी. त्या एका चित्रावर मराठी आणि उर्दूत पानभर टिपण लिहावे. वर्षाला पन्नास टिपणे होतील. एक काळजी घ्यावी. आधुनिक कलाकृतींवर स्वामित्वहक्क असतो, भारतात तो कलावंताच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. त्यामुळे चित्रे छापून वाटू नयेत. शिक्षकाला वर्गात शिकवण्यासाठी वापरायला कायद्याची मुभा आहे.

यातून सगळी मुले चित्रकार होणार नाहीत, व्हायचीही गरज नाही. पण उद्या कोणी त्यांना एखाद्या चित्रावरून, पुस्तकावरून, सिनेमावरून रस्त्यावर उतरायला सांगितले, तर ‘आधी मला ते पाहू द्या’ एवढे तरी ती म्हणतील. पंढरपूरच्या त्या मुलाच्या वाट्याला हे वाक्य फार थोड्यांकडून आले. जेऊरच्या मुलांकडून ते यावे.